मद्यपान आणि वाहनचालन : शरीरशास्त्र, कायदा आणि समाजाची जबाबदारी

भारतात अकाली मृत्यूची जी मोठी कारणे आहेत, त्यांत रस्ते अपघातांचे स्थान फार वरचे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरात ४,६१,३१२ अपघात नोंदवले गेले, त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि यांपैकी १५,२२४ मृत्यू एकट्या महाराष्ट्रात झाले. मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवल्यामुळे झालेले अपघात याच अहवालात १०,०८० आणि त्यांतील मृत्यू ४,२०१ एवढे दाखवलेले आहेत. एकूण मृत्यूंशी ताडून पाहिले तर हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास भरते आणि वरवर पाहणाऱ्याला मद्यपान हे अपघातांचे किरकोळ कारण वाटू शकते.

हा समज घातक आहे, कारण अहवालातील आकडा नोंद झालेल्या प्रकरणांचा आहे, घडलेल्या प्रकरणांचा नव्हे. अपघाताची नोंद करताना बहुधा एकच प्रमुख कारण लिहिले जाते; मद्याच्या अमलाखाली भरधाव गाडी हाकणाऱ्याचा अपघात त्यामुळे ‘अतिवेग’ या सदरात जातो आणि २०२२ च्या अहवालात तर सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू याच सदरात मोडतात. धडक देऊन पळून गेलेला चालक काही तासांनी किंवा दिवसांनी सापडतो, तेव्हा त्याच्या रक्तात मद्याचा मागमूस उरलेला नसतो. स्वतःच्याच चुकीने दुचाकीवरून पडून दगावलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांना आणखी मनस्ताप नको म्हणून तो मद्य प्यायला होता का, हा प्रश्न विचारण्याचेच टाळले जाते. मद्य हे स्वतंत्र कारण म्हणून कागदावर क्वचित उमटते. अतिवेग, चुकीच्या बाजूने जाणे, हेल्मेट न घालणे, सिग्नल तोडणे अशा इतर कारणांच्या आड मात्र ते वारंवार उभे असते. असे का होते, हे समजण्यासाठी मद्य शरीरात गेल्यावर नेमके काय करते ते पाहणे आवश्यक आहे.

घोटापासून रक्तापर्यंत

सर्व प्रकारच्या मद्यातील मादक घटक एकच असतो, तो म्हणजे इथेनॉल हे अल्कोहोल. त्याचे पचन व्हावे लागत नाही; थोडा भाग जठरातून आणि बहुतांश भाग लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो. पोटात अन्न असेल तर मद्य आतड्यात हळू पोहोचते आणि रक्तातील पातळी सावकाश चढते, तर रिकाम्या पोटी ती झपाट्याने वाढते. रक्तातील मद्यांश म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अल्कोहोल आहे याचे माप. भारतीय कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते, याची कल्पना साध्या गणितातून येते. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रम किंवा ब्रँडीमध्ये सामान्यतः ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमधून सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल शरीरात जाते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने एवढे मद्य रिकाम्या पोटी थोड्या वेळात घेतले, तर त्याचा मद्यांश ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे एकच मोठा पेग त्याला कायद्याच्या मर्यादेपलीकडे नेण्यास पुरेसा ठरू शकतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या स्त्रीमध्ये हीच पातळी आणखी वर जाते. बिअर सौम्य असते हा समजही या गणितापुढे टिकत नाही. आठ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतके.

रक्तातील अल्कोहोलचा निचरा मुख्यतः यकृत करते. तेथील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, अल्कोहोलचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करतात. या प्रक्रियेचा वेग जवळपास ठरलेला असतो आणि मद्य जास्त झाले म्हणून यकृत जास्त वेगाने काम करू लागत नाही. सर्वसाधारण माणसाचा मद्यांश तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरतो. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ किंवा ओकारी काढणे हे उपाय लोक मोठ्या विश्वासाने करतात, परंतु रक्तात पोहोचलेले अल्कोहोल त्यांपैकी कशानेही लवकर नाहीसे होत नाही. कॉफीने झोप उडेल, पण अमल तसाच राहील, आणि आपण सावध झालो आहोत असा खोटा विश्वास मात्र वाढेल.

याच गणितातून पुढे येणारी एक बाब फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्री दहा वाजता प्यायला बसलेल्या आणि एक वाजेपर्यंत चार मोठे पेग घेतलेल्या सत्तर किलो वजनाच्या माणसाचा मद्यांश सकाळी सहा वाजताही ३० मिलिग्रॅमच्या वर असण्याची मोठी शक्यता असते. पाच तास झोप झाली, तोंड धुतले, चहा घेतला, म्हणून तो गाडी चालवण्यास योग्य झाला असे होत नाही. पहाटे भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन निघणारा, शाळेची बस काढणारा किंवा पहिल्या पाळीला दुचाकीवरून जाणारा माणूस रात्रीच्या मद्याचा अमल घेऊनच रस्त्यावर येऊ शकतो.

मेंदूवर होणारा परिणाम

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक संदेशवाहकांच्या साहाय्याने बोलतात. त्यांतील ‘गॅबा’ हा संदेशवाहक पेशींची क्रियाशीलता आवरतो, तर ‘ग्लुटामेट’ ती वाढवतो. अल्कोहोल पहिल्याचा प्रभाव वाढवते आणि दुसऱ्याचा कमी करते, त्यामुळे एकूण मेंदूचे काम मंदावते. परंतु ही मंदी सगळीकडे एकाच वेळी जाणवत नाही. थोड्या मद्यानेच कपाळामागील अग्रभाग प्रभावित होतो आणि धोका तोलणे, मोह आवरणे, स्वतःच्या क्षमतेचा अंदाज घेणे ही विवेकाची कामे याच भागाकडे असतात. पाय लटपटणे, जीभ अडखळणे ही लक्षणे तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कावर परिणाम झाला म्हणजे दिसतात आणि ती ठळक होण्यासाठी मद्यांश बराच वाढावा लागतो.

या क्रमात मद्यपान करून वाहन चालवण्याच्या प्रश्नाचे मर्म आहे. गाडी चालवण्याची क्षमता कमी होऊ लागते त्याच वेळी ती कमी झाल्याचे ओळखण्याची क्षमताही कमी होते. ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणणारा मद्यपी बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. जो निर्णय घ्यायचा आहे, तो घेणारे इंद्रियच बिघडलेले असल्यामुळे मद्य घेतल्यानंतरचा स्वतःचा अंदाज कोणत्याही परिस्थितीत विश्वासार्ह मानता येत नाही.

विवेकाखालोखाल दृष्टीवर परिणाम होतो. डोळे हलत्या वस्तूचा मागोवा नीट घेऊ शकत नाहीत, कडेचे दृश्य अंधुक होते आणि समोरून आलेल्या प्रखर दिव्याने दिपलेली नजर पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. वाहन चालवणे हे लक्ष अनेक ठिकाणी वाटून करण्याचे काम आहे. समोरचा रस्ता, आरसा, वेग, गिअर, बाजूने येणारा पादचारी या सर्वांकडे एकाच वेळी ध्यान द्यावे लागते आणि ही विभागलेली एकाग्रता अल्प मद्यांशानेही ढासळते. प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो, तो वेगळाच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते, त्यामुळे ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी आठ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणारे मूल वाचणे आणि न वाचणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

दुचाकीच्या बाबतीत धोका आणखी वाढतो, कारण ती चालवताना तोल सतत सांभाळावा लागतो आणि पडल्यावर स्वाराभोवती कोणतेही संरक्षक कवच नसते. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर मरण पावलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक दुचाकीवर होते, तर जवळजवळ वीस टक्के लोक पादचारी होते. आपल्याकडील रस्त्यांवर चालकाच्या चुकीची किंमत फार मोठ्या प्रमाणावर उघड्यावरचे लोक मोजतात, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मद्यांश आणि अपघाताची शक्यता यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने दाखवणारे एक महत्त्वाचे संशोधन अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरात झाले. रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांच्या नेतृत्वाखाली अपघातग्रस्त चालकांचा मद्यांश आणि तशाच वेळी तशाच ठिकाणाहून सुखरूप जाणाऱ्या चालकांचा मद्यांश यांची तुलना करण्यात आली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की अपघाताला कारणीभूत होण्याची शक्यता ६० मिलिग्रॅमला दुप्पट, १०० मिलिग्रॅमला सहा ते सात पट आणि १५० मिलिग्रॅमला सुमारे पंचवीस पट होते. मद्य दुप्पट झाले म्हणजे धोका दुप्पट होतो असे नाही. तो कितीतरी अधिक वेगाने चढत जातो.

श्वासातून मोजमाप

मद्यांश मोजण्याची सोय नव्हती, तेव्हा चालक नशेत होता की नाही हे तोंडाचा वास, डोळ्यांची लाली आणि चालण्यातील डळमळ यांवरून ठरवले जाई आणि न्यायालयात त्यावर सहज शंका घेता येई. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीराचे वजन, घेतलेले मद्य आणि गेलेला वेळ यांवरून मद्यांश काढण्याचे सूत्र मांडले, आणि नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातील ठरावीक मद्यांश हाच गुन्ह्याचा निकष मानणारा कायदा केला. १९५४ मध्ये बोर्केन्स्टाइन यांनीच रस्त्यावर वापरता येईल असे श्वासविश्लेषक यंत्र, म्हणजे ब्रेथ अ‍ॅनालायझर, तयार केले.

फुप्फुसांतील अतिसूक्ष्म वायुकोशांमध्ये रक्त आणि हवा यांची देवघेव होत असताना रक्तातील थोडे अल्कोहोल वाफेच्या रूपाने श्वासात येते. सुमारे २,१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल असते तेवढे एक मिलिलिटर रक्तात असते, असे गुणोत्तर धरून यंत्र मद्यांश दाखवते. आज पोलिसांकडे असणाऱ्या बहुतेक यंत्रांत इंधनघट वापरलेला असतो. फुंकलेल्या श्वासातील अल्कोहोलचे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ज्वलनासारखे ऑक्सिडीकरण होते, त्यातून विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि प्रवाह जितका अधिक तितका मद्यांश अधिक. बडीशेप, वेलची किंवा पान खाऊन वास झाकता येतो, पण यंत्राला फसवता येत नाही, कारण ते वास घेत नाही, अल्कोहोल मोजते. नुकत्याच घेतलेल्या घोटाचा अंश तोंडात राहून आकडा चुकीचा वाढू नये, यासाठी सुमारे पंधरा मिनिटे थांबून चाचणी घेणे शास्त्रशुद्ध मानले जाते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलम २०३ पोलिसांना श्वासचाचणी घेण्याचा अधिकार देते. कलम २०२ नुसार अशा चालकाला वॉरंटाविना अटक करता येते, मात्र अटकेनंतर दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. वाहन परवाना निलंबित होऊ शकतो आणि स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

अपघातात कुणाचा जीव गेला तर प्रकरण मोटार वाहन अधिनियमापुरते राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव असूनही ते केले असे सिद्ध झाले, तर कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू होतो आणि त्याची शिक्षा अधिक कठोर आहे. या भेदाच्या दृष्टीने मुंबईतील कार्टर रोड प्रकरण महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्रे येथे पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली आणि सात जण ठार झाले. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालकाची सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम ठेवली. मद्य घेऊन बेदरकारपणे वाहन चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव होती असे मानता येते, हा या निकालाचा गाभा आहे.

पुराव्याच्या शुद्धतेचा प्रश्न १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे घडलेल्या अपघातानंतर ऐरणीवर आला. भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले आणि मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. मद्यांश दर तासाला उतरत असल्यामुळे नमुना वेळेवर घेणे, तो सीलबंद राहणे आणि प्रयोगशाळेपर्यंत त्याची साखळी अखंड असणे यावर संपूर्ण खटला अवलंबून असतो. या साखळीतील एक कडी सुटली तर उत्तमातला उत्तम कायदाही निष्प्रभ ठरतो.

शिक्षेपेक्षा तपासणीची खात्री

भारताची ३० मिलिग्रॅमची मर्यादा अनेक देशांच्या तुलनेत कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० मिलिग्रॅमची शिफारस करते आणि इंग्लंडमध्ये तर ती ८० आहे. त्यामुळे उणीव कायद्याच्या शब्दांत नसून अंमलबजावणीत आहे. इंग्लंडचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. १९६७ मध्ये तेथे श्वासचाचणी सुरू झाली तेव्हा रात्रीचे अपघात लक्षणीय प्रमाणात घटले, परंतु प्रत्यक्षात तपासणी क्वचितच होते हे लोकांच्या लक्षात आल्यावर सुरुवातीचा धाक ओसरत गेला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून वेगळा मार्ग धरला. संशय असो वा नसो, थांबवलेल्या प्रत्येक चालकाची चाचणी घ्यायची आणि अशा चाचण्या सर्वांना दिसतील अशा रीतीने वर्षभर चालू ठेवायच्या. तेथील मद्यसंबंधित मृत्यू दीर्घकाळासाठी कमी झाले. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा आपण पकडले जाऊच ही खात्री माणसाला अधिक आवरते, हा या दोन्ही अनुभवांचा निष्कर्ष आहे.

मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ च्या जूनपासून सुरू केलेल्या सातत्यपूर्ण मोहिमेने हेच दाखवून दिले. ‘नाकाबंदी असेल’ या एका विचाराने गाडी घरी ठेवून टॅक्सीने जाण्याची सवय शहरातील अनेकांना लागली. राज्याच्या इतर भागांत मात्र तपासणी अजूनही बऱ्याच अंशी थर्टी फर्स्ट, गटारी अमावास्या आणि धुळवड अशा ठरावीक दिवसांपुरती राहते. त्या रात्री चौकाचौकांत यंत्रे घेऊन पोलीस उभे असतात, पण एरवीच्या शनिवारी रात्री महामार्गावरील ढाब्यावरून निघालेल्या चालकाला कुणी हटकण्याची शक्यता फारच कमी असते. श्रावण लागण्याआधीची एक रात्र सांभाळली म्हणून वर्ष सुरक्षित होत नाही.

मद्याच्या उपलब्धतेकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली आणि मार्च २०१७ मध्ये वीस हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका व महानगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारक दुकानांना या मनाईतून वगळता येईल असे स्पष्ट झाले. या आदेशामागील तत्त्व योग्य होते, परंतु दुकान दूर गेले तरी तेथपर्यंत आणि तेथून परत वाहनानेच जावे लागत असेल, तर केवळ अंतराने प्रश्न सुटत नाही. रात्री उशिरापर्यंत चालणारी सार्वजनिक वाहतूक हा त्याचा दुसरा आणि तितकाच आवश्यक भाग आहे. वर्षअखेरीच्या रात्री मुंबईत जादा लोकल आणि बस सोडल्या जातात. ही सोय किमान मोठ्या शहरांत आठवड्याअखेरीस नियमितपणे मिळाली पाहिजे.

जपानने २००७ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. मद्यधुंद चालकाबरोबरच त्याला वाहन देणारा, त्याला मद्य पाजणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणारा, या सर्वांना तेथील कायदा शिक्षेस पात्र ठरवतो. भारतीय समाजात मद्यपान बहुधा मित्रांच्या, नातेवाइकांच्या किंवा सहकाऱ्यांच्या संगतीत होते, वरातीत आणि हळदीत होते, आणि पिऊन उठलेल्या माणसाच्या हातात किल्ली जाताना पाहणारे चार शुद्धीवरचे लोक तेथे हजर असतात. अपमान वाटेल, वाद होईल, म्हणून ते गप्प राहतात. ज्याचा विवेक त्या क्षणी झाकोळला आहे त्याच्याकडून विवेकाची अपेक्षा करण्यापेक्षा ज्यांचा विवेक जागा आहे त्यांनी बोलणे हे अधिक व्यवहार्य आहे आणि त्यांचे ते कर्तव्यही आहे.

या सर्व विवेचनातून एकच व्यावहारिक नियम निघतो. घरी कसे जायचे हा निर्णय पहिला घोट घेण्यापूर्वी झाला पाहिजे, कारण त्यानंतर तो घेण्यास माणूस सक्षम राहत नाही. प्यायचे असेल तर वाहन घरी ठेवावे. नेले असेल तर न पिणाऱ्या सोबत्याकडे किल्ली आधीच द्यावी. रात्री भरपूर घेतले असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळही वाहनाविना काढावी. आणि यजमानाने पाहुण्याच्या परतीची व्यवस्था जेवणाच्या व्यवस्थेइतकीच आपली मानावी. पोलिसांनी वर्षभर तपासणी करावी, रुग्णालयांनी आणि प्रयोगशाळांनी पुरावा जपावा, शासनाने रात्रीची वाहतूक उभी करावी आणि नागरिकांनी मद्यपी चालकाला गाडीत बसण्यापूर्वीच थांबवावे. मद्यपान करून वाहन चालवल्याने होणारा प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो, आणि जो मृत्यू टाळता येतो तो न टाळण्याची जबाबदारी कुणालाही दैवावर ढकलता येणार नाही.